रेंज दगडावर आहे

माझ्या नाकावर राग असतो, हे नाशिकला आमच्या विहारामागच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरी लागली की निवळेल, असं आई म्हणायची. झालं उलटंच. ग्रामसेविकेकडे दिवसभर माणसं येतात आणि त्यातली निम्मी कालचाच दाखला आज पुन्हा मागतात, त्यामुळे राग निवळायला मध्ये वेळच मिळत नाही.

माझं नोकरीचं गाव त्र्यंबकच्या पलीकडे, घाट उतरून आत. मी रोज स्कूटरनं जाते-येते. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. मी रुजू झाले तेव्हा या बाईला काय म्हणायचं, याचा गावाला मोठाच पेच पडला असावा, कारण सुरुवातीचे काही दिवस कुणी मला काहीच म्हणेना. नुसतं समोर येऊन उभे राहायचे. मग तरुण मंडळी ‘मॅडम’ म्हणायला लागली आणि म्हातारी माणसं सवयीनं ‘भाऊसाहेब’च म्हणत राहिली. मी दोन्हीला ओ देते.

गावाच्या वरच्या अंगाला एका आंब्याजवळ मोठा काळा दगड आहे. त्याच्यावर उभं राहिलं की फोन लागतो. गावात दुसरीकडे कुठेच लागत नाही. ‘दगडावर जाऊन येतो’ म्हणजे फोन करून येतो, हे लहान पोरालाही कळतं. दगडाचे नियम आहेत. एका वेळी एकच माणूस वर. बाकीच्यांनी खाली चपला काढून ओळीनं ठेवायच्या आणि बोलणं ऐकू येणार नाही इतकं लांब, बांधावर जाऊन बसायचं. नंबर चपलांचा. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ओळीनं काढलेल्या चपला बघून मला वाटलं देवस्थान आहे. मी आपले हात जोडले. बांधावर बसलेली माणसं इतकी हसली, की वर फोनवर बोलणाऱ्या माणसानं ‘काय झालं, काय झालं’ म्हणून फोनच बंद केला.

तर या गावात एक फॉर्म आला. तालुक्यात गावोगाव इंटरनेटची फायबर लाइन न्यायची योजना होती. कुठल्या गावाला आधी न्यायची, लाइन कुठून टाकायची, गावात तिचं वायफाय कुठे बसवायचं, हे गावाला विचारून ठरवायचं होतं. फॉर्मवर पहिलाच प्रश्न: गावात मोबाइलची रेंज आहे का? हो किंवा नाही. आणि खाली सूचना, की ग्रामसभेत चर्चा करून माहिती भरावी.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. सरपंचताई खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी उभी. विषय सगळ्यांना समजावा म्हणून मी माझा फोन हातात उंच धरला आणि विचारलं, “गावात रेंज आहे का?”

 मग पुढे बसलेले एक बाबा उठले. गावातली लग्नं जमवण्यात त्यांचा मोठा हात. सोयरिकीची बोलणी त्यांच्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

“भाऊसाहेब, रेंज नाय असं लिवू नका बरं,” ते म्हणाले.

“का? नसली तर नाही लिहायचं.”

“हाय की. दगडावर हाय ना! आता पाव्हणे पोरगी द्यायला आले का पाणी कुठंय ते इचारत नाय, पयलं रेंज हाय का इचारतात. तुम्ही सरकारी कागदावर नाय लिवलं, का आमच्या पोरांची लग्नं झालीच म्हणून समजा.”

सगळा व्हरांडा हसला, पण ते हसणं खरं नव्हतं. ज्यांच्या घरात लग्नाचे मुलगे होते ती माणसं मान खाली घालून बसली होती. सरपंचताईंच्या घरातही दोन होते. त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, हात वर करायला लावा. ज्यांना वाटतं रेंज हाय, त्यांनी हात वर करा.”

एकेक करत सगळे हात वर गेले. दुसऱ्या ओळीत, खांबाजवळ बसलेल्या मावशींनीही आजूबाजूला बघितलं आणि हात वर केला. चांगला सरळ, अगदी खांद्यातून.

या मावशी जन्मापासून ऐकू शकत नाहीत. बोलत नाहीत. शाळेत कधी कुणी घातलं नाही, त्यामुळे लिहिता-वाचता येत नाही. मालक लवकर गेले. एक मुलगी, ती नाशिकला हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकते. हे सगळं मला माहीत होतं. मी काय विचारलं ते त्यांना ऐकू आलं नाही, हेही त्या क्षणी मला माहीत होतं. तरी मी तो हात मोजला. ‘उपस्थित सर्व ग्रामस्थांच्या मते रेंज आहे’ असं लिहिलं, सह्या-अंगठे घेतले आणि घाटात अंधार व्हायच्या आत स्कूटरला किक मारली. माझ्या नोकरीत मी बऱ्याच चुका केल्या असतील. पण बघून, समजून केलेली अशी ही एकच.

तालुक्याला बैठक झाली. ज्या गावांत रेंज नाही त्यांना लाइन आधी, ज्यांच्याकडे आहे त्यांना पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा कधी, ते कुणालाच सांगता येईना. यादी वाचणारा इंजिनिअर तरुण होता, बोलायला अगदी गोड. “मॅडम, तुमचं गाव तर रेंजवालं आहे, तुम्हाला काय घाई?” असं म्हणून तो हसला. हरकती असतील तर यादी कायम होण्याआधी द्या, असंही त्यानं सांगितलं. गावात येऊन मी हे सांगितलं तेव्हा कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. दगड होताच.

मग एका सकाळी मावशी आणि त्यांची मुलगी ऑफिसात आल्या. मुलीचे डोळे जागरणानं सुजलेले. बसायला सांगितलं तर बसली नाही.

“मॅडम, ग्रामसभेत आईनं हात वर केला होता का?”

“केला होता. सगळ्यांनीच केला.”

“ती म्हणते, तुम्ही फोन वर धरून विचारलं. तिला वाटलं, तुम्ही विचारताय हे कुणाला पाहिजे.”

मी मावशींकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मुलगी काय सांगते आहे याचा अंदाज त्यांना आला असावा, कारण त्यांनी पुन्हा हात वर केला. तसाच, खांद्यातून. मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

मुलीनं मग सगळं सांगितलं. आई आणि ती लहानपणापासून हातांनी बोलतात. त्यांची भाषा त्यांनी दोघींनीच घरात बसवलेली आहे. ती तिसऱ्याला येत नाही. साधा फोन मावशींच्या काय कामाचा? त्यांना समोर दिसायला हवं, म्हणजे व्हिडिओ कॉल हवा, आणि दगडावर व्हिडिओ चालत नाही. म्हणून मावशी दर रविवारी दगडाच्याही वर, थेट पठारावर चढून जातात. तिथे पलीकडच्या बाजूची रेंज थोडी सापडते. मागच्या रविवारी आई पोटाला हात लावून काहीतरी सांगत होती आणि नेमकं तिथेच चित्र अडकलं. दुखतंय, की उपाशी आहेस, की आणखी काही, ते कळेना. मुलीनं दोन दिवस कसेबसे काढले आणि मिळेल ती एसटी धरून घरी आली. तर आई शेजारणीला दिवस गेलेत, ते सांगत होती.

“हसू नका मॅडम,” ती म्हणाली. मी हसत नव्हते. “असं तिसऱ्यांदा झालं. कॉलेजवाले आता रजा देत नाहीत. मी ठरवलंय, लाइन येणार नसेल तर कोर्स सोडून घरी येते. ती इथे एकटी आणि मी तिथे, आणि मधे काहीच नाही, असं नाही जमत मला.”

 मी म्हटलं, “ठराव झालाय. सह्या झाल्यात. आता काही होत नाही.” माझा आवाज चढला होता. आपलं चुकलं की माझा आवाज आधी चढतो. मुलगी गेली. मावशी जाताना वळल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली, ‘असू दे’ म्हणतात तशी. त्यानंतर दिवसभर मी ज्याला त्याला फाडून खात होते.

त्या रविवारी सुट्टी असून मी गावात गेले. घरच्यांना सांगितलं की काम आहे. मावशींच्या मागे मागे पठार चढले. त्या भराभर चढत होत्या आणि मी दर वळणावर बसत होते. वर वाऱ्यात एका जागी त्या थांबल्या. तिथे त्यांनी खुणेचे तीन दगड मांडून ठेवलेले होते. फोन लावला. मुलीचा चेहरा आला. मावशी बोलायला लागल्या, आणि मला पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. एका हातात फोन धरलेला असल्यामुळे त्या एकाच हातानं बोलत होत्या. पोटभर बोलायला त्यांना दोन हात लागतात, हे मला कधी सुचलंच नव्हतं. अर्धं बोलणं त्या गिळत होत्या.

आणि मग चित्र अडकलं. मुलगी डोळे अर्धे मिटलेली, तशीच राहिली. मावशींचा हात हवेत होता. त्यांनी तो खाली घेतला नाही. वाक्य अर्ध्यावर होतं, ते त्यांना मुलगी बघत नसताना पुरं करायचं नव्हतं. म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या, हात हवेत, बोटं जुळवलेली, डोळे फोनवर. पडद्यात मुलगी थांबलेली आणि पठारावर आई थांबलेली. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी खाली गावाकडे बघत राहिले आणि उन्हात उभी राहून रडले. मग कॉल तुटला.

दुसऱ्या दिवशी मी सरपंचताईंना म्हटलं, विशेष ग्रामसभा लावा. त्या म्हणाल्या, पुन्हा तेच होईल, सगळे हात वर करतील. मी म्हटलं, या वेळी मी काही विचारणारच नाही. आपण घरोघर जाऊन फोन लावून बघायचा. फोन कुणी लावायचा? मावशींनी.

सभेत यावर बराच कल्ला झाला. ‘तिला काय कळतं’ इथपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा मात्र माझा राग पहिल्यांदा योग्य ठिकाणी खर्च झाला. मी म्हटलं, दगडावर फोन लागतो हे तुम्हाला पुरतं, कारण तुम्हाला आवाज पुरतो. ज्यांचं नुसत्या आवाजानं काही चालत नाही, अशा त्या गावात एकट्याच आहेत. तेव्हा रेंज खरी का खोटी, ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

आम्ही निघालो. मावशी पुढे, मी गावनकाशा घेऊन मागे, आणि आमच्या मागे वाढत जाणारी माणसं. मुलगी नाशिकला फोन हातात धरून बसली होती. प्रत्येक दारात मावशी फोन लावायच्या, थांबायच्या आणि मग हाताचा पंजा उलटा करून दाखवायच्या. नाही. पुढचं घर. पंजा उलटा. दुपारपर्यंत तीन पाडे झाले. वरच्या पाड्यावर एका ओट्यावर मुलीचं कपाळ तेवढं उमटलं आणि गेलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी आम्ही बाबांच्या घरी आलो. ते दारातच उभे होते. मावशींनी फोन लावला, वाट बघितली आणि अगदी सावकाश, त्यांचा मान राखून, पंजा उलटा केला.

बाबांनी तो फोन हातात घेऊन एकदा बघितला. मग म्हणाले, “भाऊसाहेब, खोटं नका लिवू. पण गावाची अब्रू राखून लिवा.”

“ती कशी राखायची?”

“रेंज नाय, असं नका लिवू. रेंज हाय, पण ती दगडावर हाय, असं लिवा.”

मी ठरावाच्या वहीत शब्दाला शब्द तेच लिहिलं. ‘या गावात रेंज आहे, परंतु ती दगडावर आहे. कोणाच्याही घरात ती येत नाही.’ सोबत नकाशा जोडला. तालुक्याच्या ऑफिसात तो ठराव या टेबलावरून त्या टेबलावर हसत हसत फिरला. फिरू दे म्हटलं. हसायला का होईना, तो सगळ्यांनी वाचला. गोड बोलणारा इंजिनिअर स्वतः गाव बघायला आला. दगडाखाली चपला पाहून त्यानंही हात जोडले, तेव्हा माझ्या जिवाला बरं वाटलं. आमचं गाव पहिल्या यादीत गेलं.

मग खरं बोलणं सुरू झालं. इंजिनिअरनं लाइन डांबरी रस्त्याच्या कडेनं आखली होती. बायका म्हणाल्या, ती कड दर पावसाळ्यात खचते, आम्ही पाण्याला जातो तेव्हा बघतो. जुन्या गाडीवाटेनं आणा, ती कधी हलली नाही. त्यानं वाट पायाखाली घातली आणि नकाशा बदलला. गावात वायफाय कुठे बसवायचं यावर माझं मत होतं, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, दुसरं काय? सरपंचताई म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही घाटाकडे निघालात का ऑफिसला कुलूप. मग आम्ही काय कुलपासंगं बोलू?” शाळेचा व्हरांडा ठरला.

मावशी त्या दिवशी सभेत पुढे येऊन बसल्या होत्या. मुलगी सुट्टीवर आलेली, ती त्यांचं म्हणणं सांगत होती. मावशींनी आधी छताकडे बोट दाखवलं. त्यांना ट्यूबलाइट हवी होती. अंधारात बाकीच्यांना बोलता येतं, त्यांना येत नाही. मग त्या उठल्या, व्हरांड्याच्या भिंतीजवळ गेल्या आणि आपल्या चेहऱ्याच्या उंचीवर हातानं चौकोन काढला. आम्हाला काही कळेना. त्यांनी आपला फोन भिंतीला टेकवून धरला, सोडल्यासारखं केलं आणि दोन्ही हात मोकळे करून दाखवले.

“कोनाडा पाहिजे म्हणते,” मुलगी म्हणाली.  “फोन ठेवायला. म्हणजे तिला दोन्ही हातांनी बोलता येईल.”

गावातल्या गवंड्यानं तो कोनाडा दोन दिवसांत भिंतीत कोरला. लाइनला मात्र पुष्कळ वेळ लागला. पाऊस आला, काम थांबलं. एकदा जेसीबीनं वायर तोडली. रिकामा कोनाडा बघून शाळेतली पोरं त्यात खडू ठेवायला लागली. मुलगी कोर्स सोडते की काय, या धास्तीनं मी इंजिनिअरला इतके फोन केले, की तो माझा नंबर बघून उचलेनासा झाला. मग मी सरपंचताईंच्या नंबरावरून करायचे. सांगायचं म्हणजे दगडावरूनच, चपला काढून, नंबर लावून.

लाइन सुरू झाली त्या रविवारी दुपारी व्हरांड्यात ही गर्दी. मावशी धुवट लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी कोनाड्यातले खडू काढून बाजूला ठेवले, फोन आत टेकवला आणि दोन पावलं मागे सरकल्या. मुलगी दिसली. पांढरा युनिफॉर्म घातलेला, मुद्दाम दाखवायला. मावशींनी दोन्ही हात वर उचलले आणि बोलायला लागल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना इतकं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं. हात थांबेचनात. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं आणि कुणी जागचं हलत नव्हतं. बाबा तर पहिल्या ओळीत मांडी घालून बसले होते.

मग मुलगी थांबली. हात हवेत, बोटं जुळवलेली, डोळे स्थिर.  एवढं सगळं करून पुन्हा तेच? मी तावातावानं इंजिनिअरला फोन लावायला निघाले. मावशींनी माझं मनगट धरलं. पडद्याकडे बोट केलं. मुलीच्या डोक्यामागे, हॉस्टेलच्या खोलीतला पंखा गरगर फिरत होता.

मावशींनी माझा हात सोडला. मग त्यांनीही आपले दोन्ही हात हवेत नेले आणि त्या अगदी तशाच, न हलता, मुलीकडे बघत उभ्या राहिल्या. व्हरांड्यात सगळे श्वास रोखून बसले. त्या दोघींत मुलगी आधी हसली.